तू बिश्वात: त्स्फातच्या गल्ल्यांपासून हैफाच्या गुहेपर्यंत

ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याची पौर्णिमा म्हणजे तू बिश्वात, झाडांचं नवं वर्ष. २०२३ मध्ये ही तिथी ५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी लागत होती आणि ६ तारखेला दिवस मावळताना संपत होती. त्या पंचांगात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. हे गणित आधी डोक्यात बसवायचं आणि मगच बसचं वेळापत्रक उघडायचं. जेरुसलेम मागच्या खेपेला पाहून झालं होतं. या वेळी फक्त इस्रायलचा उत्तर भाग: त्स्फात, मेरोन आणि शेवटी हैफा.

पाहायचं होतं ते सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, चौकटीत पुरतं न मावणारं ज्यूपण. फळं खात केलेली प्रार्थना, नवसाला पावणारी थडगी, रानात जाऊन देवाशी मोठ्याने बोलणं, असलं सगळं. हे धर्मात बसतं का, यावर तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली आहेत. मला त्या भांडणातच जास्त रस होता.

गुरुवार, २ फेब्रुवारी

तेल अवीवहून कार्मिएलपर्यंत आगगाडी, पुढे बस. राव-काव नावाचं कार्ड दोन्हीकडे चालतं. गाडीत घरी निघालेली सैनिक पोरंपोरी, मांडीवर बंदूक ठेवून गाढ झोपलेली. कार्मिएल सोडलं की चढ लागतो आणि दोन्ही बाजूंना बदामाची झाडं दिसू लागतात. अंगावर पान एकही नाही, नुसता पांढरा-गुलाबी बहर. झाडांचं नवं वर्ष ऐन थंडीत का, याचं उत्तर खिडकीतूनच मिळतं.

त्स्फात समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. बसमधून उतरल्यावर पहिला विचार आला तो स्वेटरचा. गाव डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातं. दारं, कठडे, काही घुमट निळ्या रंगाने माखलेले. वाईट नजर लागू नये म्हणून, असं सगळे सांगतात, आणि आभाळाची आठवण राहावी म्हणून, असंही सांगतात.

१४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंना हाकललं गेलं. त्यांतले बरेच फिरत फिरत ऑटोमन मुलखात आले आणि सोळाव्या शतकात या आडगावात अशी माणसं एकत्र जमली की आजही ज्यू धर्माचा निम्मा संसार त्यांच्या जिवावर चालतो. योसेफ कारो (१४८८–१५७५) यांनी इथे ‘शुल्खान आरुख’ लिहिला, म्हणजे सकाळी उठल्यावर हात कसे धुवायचे इथपासूनचे नियम सांगणारी संहिता. मोशे कोर्दोव्हेरो यांनी कब्बालाची, म्हणजे ज्यू गूढविद्येची, शिस्तशीर मांडणी केली. आणि १५७० मध्ये इजिप्तहून आले यित्सखाक लुरिया, ज्यांना सगळे ‘आरी’ म्हणतात. १५७२ च्या साथीत ते गेले तेव्हा वय जेमतेम ३८. गावात दोनेक वर्षंच राहिले, स्वतः जवळजवळ काही लिहिलं नाही, जे आहे ते मुख्यतः शिष्य खाईम व्हिताल यांनी लिहून ठेवलेलं. तरी गावात नाव कारोंपेक्षा आरींचंच जास्त.

गंमत म्हणजे नियमांचं पुस्तक लिहिणाऱ्या कारोंना रात्री एक अदृश्य वाणी ऐकू यायची. ती त्यांच्याच तोंडून बोलायची, उपदेश करायची, कधी रागवायची. त्याची त्यांनी रोजनिशी ठेवली होती आणि ती पुढे छापली गेली. नियम एकीकडे आणि गूढवाद दुसरीकडे अशी वाटणी करणाऱ्यांनी या गावात एक रात्र काढावी.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

सकाळपासून गल्ल्यांत लगबग. खल्ला म्हणजे वेणी घातलेला पाव, फुलं, वाइनच्या बाटल्या. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागणार; दुपारनंतर बस बंद, दुकानं बंद, त्यामुळे सगळ्यांच्या पायाला चाकं.

आरींच्या नावाचे दोन सिनेगॉग आहेत. वरच्या अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, सिनेगॉगमध्ये वाचनाच्या चौथऱ्याला, बीमाला, एक भोक आहे. १९४८ च्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा आत घुसला आणि तिथे रुतला. त्या क्षणी सगळे प्रार्थनेत वाकलेले होते म्हणून वाचले, असं सांगतात. भोक बुजवलेलं नाही. लोक त्यात चिठ्ठ्या खुपसतात. माझ्यापुढच्या बाईने चिठ्ठी घातली, ती खाली पडली, तिने उचलून परत घातली, परत पडली. शेवटी तिने केसातली पिन काढून ती आत ढकलली आणि समाधानाने निघून गेली.

खालचा सेफार्डी, म्हणजे मुळात स्पेनकडच्या ज्यूंचा, सिनेगॉग कब्रस्तानाच्या वरच्या अंगाला आहे. तिथल्या एका छोट्या गुहेवजा खोलीत आरी अभ्यासाला बसत आणि प्रेषित एलियाहू स्वतः येऊन त्यांना शिकवत, अशी श्रद्धा आहे. या एलियाहूची गाठ पुढेही पडणार आहे. बायबलमध्ये तो अग्निरथातून सदेह स्वर्गात गेला, त्यामुळे मेलेलाच नाही, त्यामुळे कुठेही येऊ शकतो. ज्यू लोककथांत अडल्यानडल्याला धावून येणारा तोच.

कब्रस्तानापलीकडे आरींचं स्नानकुंड. गार झऱ्याचं पाणी, पुरुषांनाच प्रवेश. केस ओले, दात वाजताहेत आणि चेहऱ्यावर विजय, असे पुरुष एकामागून एक पायऱ्या चढून येत होते. मी कठड्यापाशी उभी राहून पाहिलं आणि आत जाता येत नाही याचं त्या थंडीत फारसं वाईट वाटलं नाही.

दुपारी कलाकारांच्या वस्तीत गेले. चित्रं, मेणबत्त्या, कब्बालाची अक्षरं कोरलेली लॉकेटं. मध्येच एक मिनार दिसतो. १९४८ पर्यंत हा अरब मोहल्ला होता. त्या वर्षीच्या लढाईत गावातले हजारो अरब निघून गेले आणि त्यांना परतता आलं नाही. मशिदीत आता चित्रांचं प्रदर्शन भरतं. माहितीपत्रकात ‘जुनी ऐतिहासिक वास्तू’ एवढंच होतं. ठिणग्या, प्रकाश, जगाची दुरुस्ती (हे सगळं पुढे येईल) यांवर इतकं बोलणाऱ्या गावाने याबद्दल एक वाक्य जास्त लिहायला हरकत नव्हती.

पावणेपाचच्या सुमारास मेणबत्त्या लागल्या.

शुक्रवार संध्याकाळच्या प्रार्थनेला ‘कब्बालात शब्बात’ म्हणतात, शब्बाथचं स्वागत. जगभरच्या सिनेगॉगांत आज ती इतकी रुळलेली आहे की बायबलमधल्या मोशेच्या (मोझेसच्या) काळापासून चालत आली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती याच गावातली सोळाव्या शतकातली नवी टूम. इथले गूढवादी शुक्रवारी संध्याकाळी पांढरे कपडे घालून गावाबाहेर शेतात जात आणि शब्बाथला नववधू मानून सामोरे जात. आधी सहा स्तोत्रं, कामाच्या सहा दिवसांची. मग ‘लेखा दोदी’ हे गीत. ते लिहिलं श्लोमो अल्काबेत्स यांनी, कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत स्वतःचं नाव गुंफून. शेवटच्या कडव्याला सगळे मागे वळून दाराकडे तोंड करतात आणि वाकतात, कारण नवरी दारातून येणार.

मी गेले तो सिनेगॉग म्हणजे खरं तर एक दिवाणखाना. मध्ये जाळीचा पडदा, अलीकडे आम्ही, पलीकडे पुरुष. चाली श्लोमो कार्लेबाख यांच्या, गिटारवर बांधलेल्या साध्या चाली, ज्यांनी १९६० नंतर तरुणांना प्रार्थनेकडे ओढलं. शब्बाथला गिटार चालत नाही, म्हणून टाळ्या आणि टेबलावर थाप. कार्लेबाख १९९४ मध्ये वारले. त्यानंतर अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे जाहीर आरोप केले आणि काही मंडळींनी त्यांच्या चाली म्हणणं थांबवलं. इथे थांबवलेलं नव्हतं. शेजारच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “मी शब्द म्हणते, चाल म्हणत नाही.” आणि खरंच, सगळे गात असताना ती एका सुरात पुटपुटत होती.

शेवटच्या कडव्याला पडद्यापलीकडे नाच सुरू झाला. अलीकडे बायकांनीही हात धरले. जागा इतकी कमी की गोल धरला तरी जागच्या जागी पावलं टाकण्यापलीकडे काही जमेना. एक आजीबाई खुर्चीत बसूनच ताल धरत होत्या. दाराकडे वळायची वेळ आली तेव्हा त्या उठल्या, वळल्या, वाकल्या आणि परत बसल्या. एवढं मात्र बसून करणं त्यांना मंजूर नसावं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

फोन बंद, कॅमेरा बंद, गाव बंद. या शनिवारी तोरा या मूळ धर्मग्रंथातला तांबडा समुद्र दुभंगण्याचा भाग वाचतात, त्यातल्या गीतावरून याला शब्बात शिरा म्हणतात. या दिवशी पाखरांना दाणे टाकायची रीत आहे. शब्बाथला रानपाखरांना खायला घालावं की नाही, यावरही मतभेद आहेत, म्हणून काहीजण शुक्रवारीच दाणे पसरून ठेवतात. चिमण्यांना सगळे पंथ सारखेच.

दुपारी यजमानीण मला उतारावरच्या पाइनच्या झाडांत घेऊन गेली. ती अमेरिकेतून येऊन इथे राहिलेली, साठी ओलांडलेली, पायात बर्फातले बूट. म्हणाली, “आता तू तिकडे जा, मी इकडे. मोठ्याने बोल. तुझ्या भाषेत.”

याला हितबोददूत म्हणतात. ब्रेस्लावचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाख्मान (१७७२–१८१०) यांची शिकवण: रोज काही वेळ एकट्याने, शक्यतो रानात, देवाशी आपल्या घरच्या भाषेत बोलायचं. पोथीतलं हिब्रू नको. तक्रार करा, मागा, काहीच सुचत नसेल तर सुचत नाही म्हणून सांगा. त्यांचे पंथीय गावभर दिसतात. त्यांतल्या एका शाखेची विणलेली पांढरी टोपी आणि ‘ना नाख नाख्मा’ हा मंत्र भिंतीभिंतीवर. तो मंत्र १९२२ मध्ये तिबेरियासच्या एका रब्बींना पुस्तकात सापडलेल्या चिठ्ठीतून आला. ती चिठ्ठी खरी की कुणी खोडसाळपणे ठेवलेली, हा वाद मिटलेला नाही. मंत्रवाले मात्र गाडीवर कर्णे लावून चौकाचौकांत नाचतात.

मी झाडाला टेकून बराच वेळ गप्प उभी राहिले. देवाशी मोठ्याने बोलायचं म्हटल्यावर पहिल्यांदा जे तोंडातून आलं ते भांडण होतं. मग लक्षात आलं की आपल्याकडे हे काही नवीन नाही. जनाबाई विठ्ठलाला ज्या भाषेत झापते ती भाषा मला लहानपणापासून ठाऊक आहे, फक्त ती वापरायची हिंमत त्या पाइनच्या रानात झाली. यजमानीण पलीकडे इंग्रजीत रडत होती, मध्येच हसत होती. परतताना कुणी कुणाला काही विचारलं नाही. तो शिष्टाचार असावा.

तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. हावदाला: पीळ घातलेली मेणबत्ती, वाइन, लवंगांची डबी हातोहात फिरते, सगळे वास घेतात. मग एलियाहूचं गाणं. तो येऊ दे, लवकर येऊ दे. शनिवारी रात्री घराघरांतून हे गाणं ऐकू येतं.

रविवार, ५ फेब्रुवारी

सकाळी मेरोन. बसने अर्धा तासही नाही. इथे दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योखाई यांची समाधी आहे. रोमनांपासून लपून ते मुलासह गुहेत राहिले, खरूबाच्या झाडाच्या शेंगांवर आणि झऱ्याच्या पाण्यावर जगले, आणि ‘झोहार’ हा कब्बालाचा मूळ ग्रंथ त्यांनीच सांगितला, अशी श्रद्धा. संशोधकांचं मत वेगळं. ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झाला आणि त्याचा मुख्य भाग मोशे दे लेओन यांनी लिहिला, असं गेर्शोम शोलेम यांनी साधार मांडलं. मेरोनला हे कुणाला सांगायला जाऊ नये.

आत स्त्री-पुरुषांचे भाग वेगळे. बायकांच्या बाजूला भिंतीला कपाळ टेकून पुटपुटणं, स्तोत्रांची पुस्तकं, तान्ही बाळं, बिस्किटांचे पुडे. लग बाओमेरच्या रात्री, वल्हांडण सणानंतर महिनाभराने, इथे लाखो लोक जमतात. होळ्या पेटतात, तीन वर्षांच्या मुलांचं जावळ काढतात. २०२१ मध्ये त्याच रात्री उताराच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ४५ माणसं गेली. देशात शांततेच्या काळात एवढी मोठी दुर्घटना आधी झाली नव्हती. मी गेले तेव्हा चौकशी आयोगाचं काम चालू होतं. त्या वाटेपाशी कुणी थांबत नव्हतं. भिकाऱ्याच्या डब्यात नाणी टाकून पुढे.

दुपारपर्यंत परत, कारण संध्याकाळी तू बिश्वातचा सेदेर.

सेदेर म्हणजे क्रमाने करायचं जेवण. वल्हांडणाचा सेदेर सगळ्यांना माहीत असतो. झाडांच्या नव्या वर्षाचा सेदेर बऱ्याच ज्यूंच्याही घरी नसतो. मुळात मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात ही तिथी म्हणजे फळांवरच्या दशमांश कराची वर्षअखेर, हिशोबाचा दिवस. १८९० मध्ये झिखरोन याकोव्हच्या शाळामास्तरांनी मुलांना घेऊन झाडं लावली आणि त्यातून पुढे इस्रायलभर शाळांचा वृक्षारोपण दिन झाला. पण त्याच्या खूप आधी कब्बालावाल्यांनी या हिशोबाच्या दिवशी ताट मांडलं होतं.

टेबलावर पांढरी चादर, बाराएक माणसं. यजमानिणीच्या खांद्यावर इंद्रधनुषी पट्ट्यांची प्रार्थनेची शाल. हा नमुना रब्बी झाल्मान शाख्तर-शालोमी (१९२४–२०१४) यांचा. खाबादसारख्या कर्मठ पंथात तयार झालेला हा माणूस अमेरिकेत ज्यू रिन्यूअल चळवळीचा जनक झाला. ध्यान, नाच, स्त्रियांना पूर्ण बरोबरी, सूफींशी दोस्ती. १९९० मध्ये दलाई लामांना भेटायला धरमशालेला गेलेल्या ज्यू मंडळात ते होते. निर्वासित होऊनही धर्म कसा टिकवायचा, हे लामांना ज्यूंकडून जाणून घ्यायचं होतं. यजमानीण त्यांना गुरू मानते. टेबलावरचा एक तरुण लष्करातून सुटल्यावर गोव्यात आणि कसोलमध्ये वर्षभर राहून आलेला, गळ्यात पुष्करचा मफलर. आणि दाराशी खुर्ची ओढून बसलेली शेजारीण, केस पूर्ण झाकलेले, काळ्या मोज्यांतली. बाईने ती शाल घेणं तिला मान्य नव्हतं. पण ती आली होती. काम घेऊनच आली होती.

तिचं काम अंजिरं तपासणं. सुक्या अंजिरात किडे असू शकतात आणि किडा खाणं तोरात निषिद्ध. ती एकेक अंजीर उचलायची, देठ खुडायची, बोटांनी आतून बाहेर उलटवायची आणि दिव्यासमोर धरायची. मधासारखा रंग, त्यात बारीक बिया. नजर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. ठीक असेल तर ताटात, शंका आली तर बशीत वेगळं. शंकेची बशी भरत चालली होती आणि गोव्याहून आलेला तरुण तिच्याकडे आशाळभूतपणे पाहत होता.

वाइनचे चार प्याले. पहिला पांढऱ्या वाइनचा. दुसऱ्यात थोडी लाल, तिसऱ्यात लाल जास्त, चौथा लालभडक. हिवाळ्यातून उन्हाळ्याकडे. फळांच्या तीन पायऱ्या, कब्बालातल्या जगांप्रमाणे. असिया, कृतीचं जग: बाहेरून कवच असलेली फळं, अक्रोड, बदाम, डाळिंब. येत्सिरा, घडणीचं जग: वरून मऊ, आत बी, म्हणजे खजूर, ऑलिव्ह, जर्दाळू. ब्रिया, निर्मितीचं जग: सगळंच खाता येईल अशी, अंजीर, द्राक्षं. चौथं अत्सिलूत, त्याला फळ नाही. फक्त वास.

यामागे आरींची कल्पना आहे. जग घडवायला जागा हवी म्हणून देवाने स्वतःला आक्रसून घेतलं. मग प्रकाश ज्या भांड्यांत ओतला ती त्याला पेलेनात, फुटली, आणि ठिणग्या सगळ्या वस्तूंत अडकल्या. माणसाने आधी आशीर्वादाचे शब्द म्हणून, मग मन लावून फळ खाल्लं की त्यातली ठिणगी सुटते. म्हणजे पोटात जाणारा बदामही विश्वाच्या दुरुस्तीला लागतो. मी उपवासाला पुण्य समजणाऱ्या घरात वाढले. खाऊन जग सुधारतं ही कल्पना मला ताबडतोब पटली.

इथे सगळे सांगतात की हा सेदेर आरींचाच. पण त्याचा छापील विधी आधी मिळतो तो ‘खेमदात यामीम’ या ग्रंथात, १७३१–३२ मध्ये इझमिरला छापलेल्या. लेखकाचं नाव नाही. इझमिर म्हणजे शब्ताई त्स्वीचं गाव. त्याने स्वतःला मसीहा म्हणवलं, अर्धं ज्यू जग त्याच्यामागे धावलं, आणि १६६६ मध्ये सुलतानापुढे तो मुसलमान झाला. त्यानंतर त्याचे छुपे अनुयायी शोधणं हा काही रब्बींचा उद्योगच झाला. या ग्रंथातही त्या पंथाचा वास आहे, असा आरोप रब्बी याकोव्ह एमदेन यांनी अठराव्या शतकात केला. हे मी तिसऱ्या प्याल्याच्या धीराने बोलून टाकलं. यजमानीण हसली. दाराशी बसलेली शेजारीण मात्र गंभीरपणे म्हणाली, “पुस्तक कुणाचंही असो. अंजीर कुणाचं आहे?” आणि तपासलेलं ताट पुढे सरकवलं.

चौथ्या जगासाठी सुक्कोत सणातलं एत्रोग, महाळुंगासारखं लिंबू, लवंगा टोचून वाळवलेलं, हातोहात फिरलं. शेजारणीनेही वास घेतला. घरी जाताना ती यजमानिणीच्या शालीची एक घडी नीट करून गेली.

सोमवार, ६ फेब्रुवारी

पहाटे तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला. इस्रायलच्या उत्तर भागातही काहींना हादरा जाणवला. मी झोपेत होते. सकाळी बेकरीत रेडिओ लावलेला, सगळे उभे राहून ऐकताहेत, पाव तसेच. या गावाला भूकंप ही परक्याची बातमी नाही. १७५९ चा भूकंप आणि त्यानंतर १ जानेवारी १८३७ चा, ज्यात डोंगरउतारावरची घरं एकमेकांवर कोसळून हजारो माणसं गेली. आज जे ‘प्राचीन’ सिनेगॉग दाखवतात त्यांतले बहुतेक त्यानंतर पुन्हा बांधलेले. बेकरीवाला आकडे ऐकत होता आणि हिब्रूत स्तोत्र म्हणत होता. गिऱ्हाइकाचे सुटे पैसे द्यायला विसरला, गिऱ्हाइकानेही मागितले नाहीत.

दुपारच्या आत बसने हैफाला. कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड करून एलियाहूची गुहा आहे. अहाब राजापासून तो इथे लपला, असं मानतात. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, द्रूझ सगळेच येत आले. मुसलमान त्याला अल-खिद्र म्हणतात. आत आता मध्ये पडदा घालून दोन भाग. मी बायकांच्या बाजूला शिरले आणि पहिलं वाक्य कानावर आलं ते: “अगो, परात सरळ धर, सांडेल!”

पाच-सहा बायका, दोन साडीत. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. काही लोदहून, काही अश्दोदहून आलेल्या. मोठ्या मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “कुठली गं तू?” ठाण्याची म्हटल्यावर पुढची चौकशी तासभर चालली. ठाण्याचा सिनेगॉग, टेंभी नाका, कुणाच्या सासरचं घर पडून इमारत झाली, सगळं. मावशींचं माहेर अलिबागकडचं. वयाच्या नवव्या वर्षी इथे आल्या. मराठी अजून खणखणीत, मध्ये मध्ये हिब्रू.

परातीत मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप, त्यावर फळं रचलेली आणि सब्ज्याची एक डहाळी. कोकणात बेने इस्रायली हा दिवस ‘एलियाहू हन्नाबीचा उरूस’ म्हणून करत आले, असं हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या त्यांच्या इतिहासात आहे. झाडांचं नवं वर्ष आणि एलियाहू यांची सांगड आणखी कुठे अशी घातलेली मला माहीत नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं खंडाळा वेगळं) एक कातळ आहे. एलियाहूचा रथ तिथून आभाळात गेला आणि चाकाची खूण कातळावर राहिली, असं मानतात. लोक तिथे नवस फेडायला मलिदा करतात.

“इथे तो लपला,” मावशी म्हणाल्या, “आमच्याकडून तो उडाला. मग मोठं ठिकाण कुठलं?”

आशीर्वाद क्रमाने झाले. खजुरावर झाडाच्या फळाचा. केळ्यावर जमिनीच्या पिकाचा, कारण केळीला ते झाड मानत नाहीत. सब्ज्याची डहाळी हातोहात फिरली, प्रत्येकीने वास घेतला. काल रात्रीचं एत्रोग असंच फिरलं होतं. त्स्फातची पोथी कोकणात कधी पोचली की दोन्हीकडे आपापलं सुचलं, मला सांगता येणार नाही. मग गाणं. शनिवारी रात्री ऐकलेलंच एलियाहूचं, पण चाल संथ, आणि घोळवून म्हटलेली.

या बायकांच्या आईवडिलांना इथे आल्यावर ज्यू म्हणून स्वीकारायला धर्मपीठ कांकूं करत होतं. लग्न लावायचं तर आधी वंशाची तपासणी करा, असा आदेश निघाला होता. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणं झालं आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत. मावशींचे वडील त्या धरण्यात होते. “आमचे सण बघून म्हणायचे, हे कुठून आणलंत. मी म्हटलं, नवगावहून. बोट फुटली तिथून.” पूर्वजांची बोट कोकणात नवगावजवळ फुटली, असं बेने इस्रायली मानतात.

बाहेर अंगणात कागदी द्रोणांत मलिदा वाटला. काळी टोपी, काळा कोट, विशीतला एक येशिवाचा, म्हणजे धर्मपाठशाळेचा, विद्यार्थी घुटमळत होता. मावशींनी त्याच्या हातात द्रोण दिला. त्याने विचारलं, यावर कोशेरचं, म्हणजे खाणं धर्मनियमांत बसतं याचं, प्रमाणपत्र आहे का. “पोह्यांना कसलं प्रमाणपत्र?” त्याने वास घेतला, वेलची पटली असावी, पण आता दुसरी अडचण उभी राहिली. खाण्याआधी कोणता आशीर्वाद म्हणायचा? तांदूळ शिजवलेला असेल तर एक, कच्चा असेल तर दुसरा, आणि नारळ मुख्य मानला तर तिसराच. दोन बायकांनी दोन उत्तरं दिली. त्यांच्यातच जुंपली. मुलाने शेवटी खिशातून बटणांचा साधा फोन काढला आणि आपल्या रब्बींना लावला. प्रश्न समजावताना तो अडला, कारण पलीकडून विचारलं जात होतं की हा पदार्थ नेमका काय आहे.

मावशींनी फोन त्याच्या हातून घेतला. भात आधी भिजवतात, मग भट्टीत भाजतात, मग गरम असताना कांडतात, हे त्या खणखणीत हिब्रूत सांगू लागल्या. जाडे आणि पातळ यांतला फरकही सांगितला. तोवर मुलाने द्रोणातला खजूर तेवढा उचलला होता, कारण त्याच्या आशीर्वादाबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं.